शंकेचा गुरुवार

घरातली गोष्ट उचलून चारचौघांत नेऊन मांडायची, ही खोड आमच्या घराण्यात कोणाला नव्हती. आमच्या जगदेवला लागली. माझा पोटचा मुलगा, बारावी झालेला. रिसोडच्या मार्केटात सोयाबीन नेलं तर व्यापाऱ्याला दोनदा ओल मोजायला लावणारा. पण गुरुवार आला की हाच माणूस मठात हात जोडून उभा राहायचा आणि आठवडाभर माझ्या चुलीपाशी कोण काय बोललं ते सगळं ओकून यायचा. शेजारणीसुद्धा इतकी चहाडी करत नाहीत. केली तर दबक्या आवाजात करतात. हा माइकवर करायचा.

मठ म्हणजे कोणता, तेही सांगते. आमच्या रिठद गावाहून जीपनं थोडं गेलं की एक टेकाड लागतं. पूर्वी तिथं बाभळी होत्या आणि शेळ्या चरायच्या. आता तिथं अभेदगिरी महाराजाचा मठ आहे, मोठा पत्र्याचा मंडप आहे, गाड्या उभ्या करायला जागा आहे. लोक त्याला महाराजसुद्धा म्हणत नाहीत, 'मालक' म्हणतात. खंडोबाला आम्ही देव म्हणतो, मारोतीला देव म्हणतो, आणि या माणसाला मालक! माझं वावर माझ्या नावावर आहे, हे घर माझं आहे. नवरा गेल्यावर मीच पेरलं, मीच काढलं. मला मालक लागत नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेही जगदेवनं तिथं जाऊन सांगितलं.

तर त्या मठात गुरुवारी आरती झाली की 'शंका टाकायची' रीत आहे. मंडपाच्या मधोमध पाण्यानं भरलेली पितळी बादली ठेवतात. ज्याच्या मनात मालकाविषयी शंका आली असेल त्यानं चिमूटभर मीठ घेऊन उठायचं, सगळ्यांसमोर शंका बोलायची आणि मीठ पाण्यात सोडायचं. मीठ विरलं म्हणजे शंका विरली. आधी आधी लोक आपापल्या शंका सांगायचे. पण माणसाजवळ शंकेचा साठा तरी किती असणार? स्वतःच्या संपल्या की बायकोच्या सांगायच्या, बायकोच्या संपल्या की आईच्या, मग शेजारच्या. असं करत साऱ्या पंचक्रोशीच्या घरातलं त्या माणसाच्या कानात पडलं. मग एखाद्या दिवशी तो गर्दीतल्या एखादीला गोड आवाजात म्हणायचा, "माई, परवा घरात वाद झाला ना?" की ती बाई तिथंच लोळण घ्यायची. अंतर्ज्ञानी म्हणे! अगं बाई, तुझाच नवरा मागच्या गुरुवारी सांगून गेला ना ते.

मधल्या काळात त्याच्यावर केसही झाली. कारंज्याकडच्या एका घरानं तक्रार दिली होती, की याच्या सांगण्यावरून आमच्या म्हाताऱ्याचं औषध बंद केलं आणि म्हातारा गेला. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तेच चाललं होतं. महाराज आत गेला, मग जामिनावर सुटला. सुटला त्या दिवशी जेसीबीच्या खोऱ्यातून त्याच्यावर फुलं उधळली. फुलं उधळायला खोऱ्यात कोण चढलं होतं? आमचा जगदेव. म्हणजे औषध बंद केल्यानं काय होतं हे त्याला ठाऊक नव्हतं, असं कोणी मला सांगू नये.

आता माझ्या नातीचं सांगते. वैजयंती तिचं नाव, आम्ही वैजू म्हणायचो. सातवीत होती. तोंडानं माझ्यावर गेलेली. रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून चार गोष्टी ऐकवायची. एकच गोष्ट माझ्यासारखी नव्हती तिची. तिला खोटं बोलता येत नव्हतं. दुकानदारानं चुकून जास्तीचं चॉकलेट दिलं तर परत नेऊन द्यायची, आणि वर त्यालाच म्हणायची, "काका, ध्यान कोठी असते तुमचं?"

शाळेत प्रार्थनेला उभी असताना ही पोरगी एक दिवस धाडकन पडली. हातपाय वाकडे झाले, तोंडाला फेस आला. कोणी नाकाला चप्पल लावली, कोणी कांदा फोडला. आम्ही रिसोडला नेलं. डॉक्टरनं डोक्याला वायरी लावून तपासलं आणि समजावून सांगितलं, की ही मिरगी आहे, यात भूतबाधा काही नाही, रोज गोळी घ्यायची, पोरगी इतर पोरींसारखीच राहील. "पण आजी," तो मलाच म्हणाला, कारण जगदेव खाली मान घालून बसला होता, "गोळी मनानं बंद करायची नाही. एकदम बंद केली तर झटका आधीपेक्षा जोरात येतो. आणि पाण्याजवळ, विस्तवाजवळ एकटी सोडू नका."

मी ते ऐकलं. जगदेव आणि माझी सून मंजू, या दोघांनी वेगळंच ऐकलं. घरी येईपर्यंत मंजूच्या डोळ्याचं पाणी थांबेना.

"आत्याबाई, हिची सोयरीक कशी होईन वो? गोळीवाली पोट्टी कोन करन?"

"अवं, ते लेकरू सातवीत हाये. तुले आताच काहून घाई झाली?"

"लोकायले कळलं त जन्मभर कळलेलंच राह्यते."

हे एक मात्र ती खरं बोलली. आमच्याकडं पोरीला मिरगी आहे म्हटलं की दारातून पाहुणा परत जातो. मग शेजारची भागिरथा आली. या बाईला दुसऱ्याच्या घरातला धूर लगेच दिसतो. तिनं मंजूला सांगितलं, मालकाची माळ घातली की सगळं जाते, गोळीचं नाव राहत नाही. त्याच आठवड्यात जगदेव, मंजू आणि वैजू, तिघांनीही माळ घातली. गोळी आणि माळ एकदमच सुरू झाली, आणि झटके थांबले. पुरे वर्षभर पोरीला झटका नाही. गावभर झालं, मालकाची माळ लागली! गोळीचं नाव कोणी घेतलं नाही. मी घेतलं तर जगदेव म्हणायचा, "माय, तुले कायी समजत नाई."

मग एका गुरुवारी महाराजानं विचारलं, की माळेनं जर बरं वाटलं तर गोळी कशासाठी देता? गोळी देणं म्हणजे माझ्यावर शंका घेणं. जगदेव घरी आला तो सरळ कपाटाकडं गेला.

मी आडवी आले. "गोळी ठेव तठी."

"माय, मालकानं सांगतलं."

"अन् डॉक्टरनं काय सांगतलं? तू बसला होता ना बाजूले?"

"डॉक्टरले धंदा करा लागते."

"अन् तुह्या मालकाच्या मंडपावर पत्रे आभाळातून पडले काय?"

जगदेवनं गोळ्यांचं पाकीट पेटत्या बंबात टाकलं. मी दुसऱ्या दिवशी यष्टीनं रिसोडला गेले, दुसरं पाकीट आणलं आणि ज्वारीच्या कोठीत खुपसून ठेवलं. सकाळी वैजूची वेणी घालायच्या निमित्तानं तिला माझ्या खोलीत बोलवायचे आणि गुळाच्या खड्याबरोबर गोळी द्यायचे. पोरगी मुकाट्यानं गिळायची. एक दिवस म्हणाली,

"आजी, हे बाबाले माहीत हाये काय?"

"नाई. अन् तू सांगजो नको."

"मी नाई सांगत. पन कोनं इचारलं त?"

"कोन इचारते तुले?"

"गुरुवारी इचारतेत ना सगळ्यायले."

मी म्हटलं, इचारलं तर गप राहायचं. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मीच काही वेडंवाकडं बोलले. "गप राह्यनं म्हंजे खोटंच ना आजी."

पुढच्या गुरुवारी मी स्वतः गेले. जन्मात त्या मंडपाची पायरी चढायची नाही असं ठरवलं होतं, तरी गेले आणि बायकांत मागं बसले. आरती झाली. लोक उठून मीठ सोडू लागले. कोणाच्या बायकोनं दुसऱ्या बाबाचा फोटो ठेवला होता, कोणाच्या भावानं मठाची टिंगल केली होती. जगदेव उठला, माझं नाव घेतलं, की माय अजून नमस्कार करत नाही. मीठ सोडून खाली बसला. मला वाटलं, झालं, सुटले.

तेवढ्यात महाराजानं मुलांकडं बोट केलं. दिसायला वाईट माणूस नाही तो. ओरडत नाही, डोळे वटारत नाही. साखर पेरल्यासारखं बोलतो. "लेकरांच्या मनात पाप नसतं," तो म्हणाला. "वैजयंती, बाळ, तुझ्या घरात गोळी बंद झाली ना?"

पोरगी उठली. माझ्याकडं वळून पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण तिचा आवाज स्वच्छ आला. "नाई. आजी देते रोज. पन आजीवर राग नका करू. तिले माह्याबद्दल भेव लागते."

सगळा मंडप मागं वळला. जगदेवचा चेहरा काळाठिक्कर पडला. महाराज मात्र हसला. "आजीवर कोणी रागवायचं नाही," तो म्हणाला. "आजीचं प्रेम आहे. पण दुधात थेंबभर ताक पडलं की दूध दूध राहत नाही."

मी उठले. गुडघे धरून उठावं लागतं आता, पण उठले.

"महाराज, एक इचारू?"

"विचारा, आजी."

"तुमच्या डोळ्याले चष्मा हाये. तो कायले? माळ त तुमच्याजवळ गाडाभर असन. तुमी चष्मा काढा अन् मले समोरच्या भिताडावरचं वाचून दाखवा. मी आत्ताच्या आत्ता गोळी फेकतो."

मागच्या दोन-तीन बाया फिसकन हसल्या. मंडपात जरा हालचाल झाली. क्षणभर मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. एक माणूस जरी उठला असता तरी पुरे होतं. महाराजानं चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत लावला.

"चष्मा या देहाला लागतो, आजी," तो म्हणाला. "मला नाही."

टाळ्यांनी पत्रे वाजले. हसलेल्या बायाच सगळ्यात जोरात वाजवत होत्या. भागिरथा डोळे पुसत होती. इतक्या साध्या उत्तरावर इतकी माणसं गहिवरली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. तिथून पुढं मला कोणाची आशा राहिली नाही.

घरी जगदेवनं कोठी उपसली. मी परत रिसोडला गेले, परत पाकीट आणलं. पण आता पोरगीच तोंड उघडेना.

"खाय ना व बाई. तुह्या पाया पडतो."

"आजी, खाल्ली त मले सांगा लागन. मी सांगतलं त बाबाले समद्यायच्या समोर कान धरा लागते. मागच्या वेळी तू उठून गेल्यावर बाबानं कान धरले अन् रडला. तू नाई पाह्यलं. मी पाह्यलं."

गुळाचा खडा तिनं परत माझ्या हातावर ठेवला. बापावर जीव होता तिचा. बापाची मान खाली जाऊ नये म्हणून पोरीनं दात घट्ट मिटून घेतले. मी तिचे गाल दाबून पाहिले, रागावले, रडले. सून दारात उभी होती. म्हणाली, "आत्याबाई, राहू द्या ना आता." मी तिला म्हटलं, मंजू, तू आई आहेस ना? ती आत निघून गेली.

सोयाबीन सोंगणीला आलं होतं. शाळेला सुटी होती, वैजू आमच्यासोबत वावरात आली. आमच्या वावरात शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद अंथरलेलं. त्या कागदावर शेवाळ धरलं की बैलसुद्धा पाय टेकवू शकत नाही. मजुरांना प्यायला आणलेलं पाणी संपलं. हातपाय धुवायला तरी पाणी आणते म्हणून पोरगी छोटा डबा घेऊन तळ्याकडं गेली. आम्ही बाया आपापल्या ओळीवर वाकलेल्या होतो, कोणाचं लक्ष नव्हतं. मग मंजू एकदम उभी राहिली, विळा टाकला आणि पळत सुटली. कोणी हाक मारली नव्हती. आईच्या जिवाला काय कळलं असेल ते तिलाच ठाऊक.

पाणी काही माणूस बुडेल इतकं खोल नव्हतं त्या काठाला. चांगल्या शरीराची पोर असती तर उभी राहिली असती. दोर टाकून गड्यांनी वर काढली तेव्हा तिची मूठ घट्ट मिटलेली होती, शाळेत पडली त्या दिवशी मी पाहिली होती तशीच. झटका आला होता हे सांगायला मला डॉक्टर लागला नाही. गळ्यात माळ होती. भिजून जड झाली होती.

तिसऱ्या दिवशी महाराज स्वतः आला. गल्लीत गाड्या लागल्या. जगदेवनं त्याचे पाय धुतले. मुलीच्या फोटोसमोर बसून तो माणूस म्हणाला, "लेकराची सेवा पूर्ण होती. घरातली शंका तिनं स्वतःवर घेतली." म्हणजे मी. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. जाताना त्यानं मंजूच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरं एक बोलला. ते मला नंतर कळलं.

मी पोलीस ठाण्यात गेले. एकटी गेले. तिथल्या बाईनं मला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, आजी, कायदा आहे, गुन्हा लावता येतो, पण पोरीच्या आईबापाचं बोलणं लागेल. गोळी कोणाच्या सांगण्यावरून बंद केली हे त्यांनी सांगायला पाहिजे. एकट्या तुमच्या बोलण्यावर केस टिकणार नाही. तिचं खोटं नव्हतं. मी घरी येऊन मंजूपाशी बसले. ती वैजूचे फ्रॉक घड्या करून ठेवत होती.

"मंजू, चाल माह्या संग. दोन शब्द सांग. दुसऱ्याच्या लेकरायचं त भलं होईन."

"नाई, आत्याबाई."

"काहून नाई? तुह्यी पोट्टी गेली ना?"

तिनं फ्रॉक छातीशी धरला. "वैजू परत येनार हाये. मालकानं शब्द देल्ला. माह्याच पोटी येनार हाये. पन घरात कोनी शंका नाई घ्यायची, तवाच. तुमी ठान्यात गेल्या त ते कशी येईन?" आणि मग ती माझ्या पायाशी बसली. "आत्याबाई, तुमाले हात जोडतो. थोडे दिवस नका घेऊ ना शंका. तिले येऊ द्या."

मला शिव्या द्यायला कधी शब्द कमी पडले नाहीत. त्या दिवशी पडले. ज्या माणसानं हिची पोरगी नेली त्यानंच हिच्या पदरात ती परत टाकली होती, नुसत्या बोलण्यानं. मी जर म्हटलं, बाई, मेलेलं माणूस येत नसतं, तर हिच्याजवळ काय उरतं? मी उठून गोठ्यात गेले आणि गाईच्या अंगाला टेकून उभी राहिले.

वाचणाऱ्या लेकीबाळींनो, देवाला मी नाही म्हणत नाही. शनिवारी मारोतीला अजून तेल घालते. पण देवानं मला कधी विचारलं नाही, की सोजरबाई, तुझी सून माझ्याबद्दल काय बोलली? जो विचारतो तो देव नव्हे, इतकं मला चौथी शिकलेल्या अकलेवर कळतं. पदव्या घेतलेली माणसं त्या मंडपात पुढच्या रांगेत बसतात, त्यांना का कळत नाही, ते त्यांनी आपल्या मनाला विचारावं.

गेल्या गुरुवारी जगदेव परत गेला. भागिरथानं येऊन सांगितलं, त्यानं मीठ सोडलं आणि म्हणाला, माझ्या मायच्या शंकेनं माझं लेकरू गेलं, मालक, तिला माफ करा. सगळा मंडप रडला म्हणे. भागिरथाला वाटलं, मी भांडायला निघेन. मी निघाले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात मी सोयाबीन पाखडत होते. जगदेव आला. उगाच बैलाचा दोर सोडला, उगाच बांधला. मग माझ्यासमोर उकिडवा बसला. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"माय, एक गोष्ट म्हनशीन काय?"

"काय म्हनू?"

"म्हन, का तिचं आयुष्यच तेवढं होतं. एकडाव म्हन. तू म्हनलं त मले झोप येईन."

"तुह्या मालकानं म्हनलं ना. मंग माह्यं काहून पायजे?"

त्यानं मातीत बोट फिरवलं. मग इतक्या हळू बोलला, की सूप थांबवून मला ऐकावं लागलं. "गोळी बंद केली ना, माय, तवाच मी मंजूले सांगतलं होतं. पोट्टीले तळ्याकडं एकटी नको जाऊ देऊ. चुलीपाशी नको बसू देऊ. रोज सांगत होतो. त्या दिवशी ट्रॅक्टरवर होतो म्हनून..."

मंजू दारात येऊन उभी होती. भागिरथा भिंतीपलीकडं होती, तिचा पदर दिसत होता. मी सूप खाली ठेवलं. मी हळू बोलले नाही. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले.

"नाई म्हनत, जगदेव. तिचं आयुष्य तेवढं नव्हतं. आजवर मी समजत होती, माहा पोरगा भोळा हाये, कोनं फसवलं त्याले. भोळ्याले मी माफ केलं असतं. पन तुले ठाऊक होतं. तळ्याचं ठाऊक होतं, चुलीचं ठाऊक होतं, गोळीचं ठाऊक होतं. गावभराच्या शंका तू माइकवर सांगतल्या, अन् जी सांगतली असती त लेकरू वाचलं असतं, तेवढी एक पोटात दाबून ठेवली, का चार लोकायनं तुले वाईट नाई म्हनावं. ठान्यात मी सांगून आली, महाराजानं माह्यी नात मारली. ते अर्धंच सांगतलं मी. त्यानं नुसतं तोंडानं म्हनलं होतं. मारली तू."